नाताळच्या आधीचे चार आठवडे: ख्रिस्ती आशा म्हणजे नेमके काय, आणि ती घरात कशी जपायची

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, आणि नाताळलाही नाही. ते सुरू होते नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर सणासारखे काही दिसणार नाही. धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, वेदीवर फुले बेताचीच असतात आणि एरवी रविवारी मोठ्याने म्हटले जाणारे 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत गाळलेले असते. म्हणजे वर्षाची सुरुवात वाट पाहण्याने होते. ख्रिस्ती आशा समजून घ्यायची असेल तर २५ डिसेंबरपेक्षा हे चार आठवडे जास्त उपयोगी पडतात.

मराठी कॅथलिक या दिवसांना 'आगमनकाळ' म्हणतात. 'ॲडव्हेंट' हा शब्दही सर्वत्र रुळला आहे. त्याचे मूळ लॅटिन 'आदव्हेंतुस', म्हणजे येणे. ('नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'नाताल'मधून आला. त्याचा अर्थ जन्माचा दिवस. 'पाद्री' आणि 'पाव' हे शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतले.)

आगमनकाळाची तारीख काढायची सोपी रीत अशी: ३० नोव्हेंबर हा संत आंद्रेयाचा दिवस. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला रविवार. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला. नाताळ रविवारी आला तर आगमनकाळ पूर्ण २८ दिवसांचा होतो. नाताळ सोमवारी आला तर फक्त २२ दिवस मिळतात, कारण चौथा रविवार थेट २४ डिसेंबरलाच येतो. २०२३ साली तसे झाले, २०२८ साली पुन्हा होईल. अशा वर्षी सकाळी चौथी मेणबत्ती (दर रविवारी एक वाढवत लावतात) आणि त्याच रात्री जन्मसोहळा. ज्या घरांनी 'शेवटच्या आठवड्यात करू' म्हणून कामे ढकललेली असतात, त्यांना तो आठवडाच मिळत नाही.

या काळाचे दोन भाग आहेत, आणि ते माहीत नसले की वाचने ऐकताना गोंधळ होतो. पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या वाचनात, बाळ येशू नसतोच. तिथे जगाच्या शेवटाबद्दल आणि जागे राहण्याबद्दल वाचले जाते. १६ डिसेंबरपर्यंत भर असतो ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यावर, आणि १७ डिसेंबरपासून बेथलेहेमच्या जन्मावर. मंडळी, म्हणजे ख्रिस्ती समाज, दोन येण्यांच्या मध्ये उभी असते. एक घडून गेलेले, एक व्हायचे. आशेचा सगळा अर्थ या मधल्या जागेत आहे.

आशा, अपेक्षा आणि आशावाद

मराठीत 'आशा' हा शब्द फार ठिकाणी वापरला जातो. 'यंदा मुलाला नोकरी लागेल अशी आशा आहे' असे आपण म्हणतो, पण ती अपेक्षा असते. ती पुरी होईल किंवा होणार नाही. काही माणसे स्वभावतःच 'सगळे नीट होईल' म्हणतात. तो आशावाद. चांगला गुण आहे, पण तो स्वभाव झाला. उलट आपल्या संतवाङ्मयात आशा ही बऱ्याचदा बेडी असते, माणसाला फरफटत नेणारी. त्यामुळे बायबलमधला 'आशा' शब्द वाचताना मराठी कानाला थोडे थांबावे लागते. त्याला आपल्या भाषेतला जवळचा शब्द 'आस' हा आहे. कोणीतरी येणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचे डोळे वाटेकडे लागतात, ती आस.

ख्रिस्ती शिकवणीत आशा तीन गोष्टींवर उभी असते. देवाने वचन दिले आहे. त्या वचनाचा एक भाग येशूच्या जन्मात, मरणात आणि पुनरुत्थानात पुरा झाला आहे. उरलेला भाग पुरा व्हायचा आहे, म्हणून वाट पाहायची. यातली मधली गोष्ट निसटली तर आशेचे स्वप्नरंजन होते, आणि तिसरी निसटली तर माणूस आत्ताच्या दुःखाला काही उत्तर देऊ शकत नाही. येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच सांगतो: जे डोळ्यांना दिसते त्याची आशा कोण धरतो? जे दिसत नाही त्याची आपण धीराने वाट पाहतो.

विश्वास आणि आशा यांत फरक काय, असा प्रश्न नेहमी येतो. विश्वास म्हणजे वचन देणाऱ्यावर भरवसा. आशा म्हणजे त्या भरवशावर उद्याचा दिवस काढण्याचे बळ. प्रीती म्हणजे त्या बळावर आज शेजाऱ्यासाठी केलेले काम. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१३:१३) पौल तिन्ही एकत्र मांडतो आणि प्रीतीला श्रेष्ठ ठरवतो. तिघांना वेगळे काढून एकेकाची तपासणी करायला गेले की हाती फारसे लागत नाही, कारण ती एकमेकांच्या आधाराने उभी असतात.

इब्री लोकांस पत्रात (६:१९) आशेला नांगर म्हटले आहे. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. नांगर टाकल्यावर होडी हलायची थांबत नाही. लाटा येतात, होडी डुलते, पोटात कालवतेही. फक्त ती वाहून जात नाही. आणि नांगर जिथे रुतलेला असतो ती जागा वरून दिसत नाही. 'देवावर विश्वास आहे, मग तू इतका का हललास?' असे दुःखी माणसाला विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी आशेविरुद्धची दोन पापे सांगितली, आणि आजचे कॅथलिक शिक्षणही तीच सांगते. एक निराशा: 'आता देवही काही करणार नाही.' दुसरे, ज्याकडे आपले लक्ष जात नाही, ते गृहीत धरणे: 'देव बघून घेईल, मला बदलायची गरज नाही.' वरवर पाहता ही दोन टोके आहेत, पण दोघांचा परिणाम एकच. माणूस वाट पाहायची थांबवतो. एकाला वाटते कोणी येणार नाही, दुसऱ्याला वाटते आपल्याच खिशात आहे. घरात ही दोन्ही दिसतात. दारू सुटत नाही म्हणून नवऱ्याशी बोलणेच सोडून दिलेली बायको पहिल्याच्या काठावर असते, आणि 'नाताळला मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) केली की झाले' म्हणत तीच चूक वर्षभर करणारा नवरा दुसऱ्याच्या. पहिलीला दोष देणे सोपे असते आणि बहुधा अन्यायाचे असते. आगमनकाळात कॅथलिक लोक प्रायश्चित्त संस्कार घेतात, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करतात, तो मुख्यतः दुसऱ्या दुखण्यावरचा उपाय आहे.

बायबलमधली वाट पाहणारी माणसे

नाताळच्या कथेतली बहुतेक माणसे आधीपासून वाट पाहत होती, आणि कोणाचीच वाट सुरळीत नव्हती. जखऱ्या आणि अलीशिबा म्हातारे झाले तरी मूल नव्हते. देवदूताने मूल होईल असे सांगितले तेव्हा याजक असलेल्या जखऱ्यालाच ते खरे वाटले नाही, आणि मुलाचे नाव ठेवण्याच्या दिवसापर्यंत त्याची वाचा गेली (लूकचे शुभवर्तमान, अध्याय १). योसेफ मरीयेला गाजावाजा न करता सोडण्याच्या बेतात होता (मत्तय १:१९). मंदिरात भेटणारी हन्ना लग्नानंतर सात वर्षांत विधवा झालेली, चौऱ्याऐंशी वर्षांचा आकडा लूक तिच्याबद्दल मुद्दाम नोंदवतो.

सर्वांत धक्का देणारा प्रसंग मात्र तिसऱ्या रविवारी, दर तीन वर्षांनी येणाऱ्या मत्तयाच्या वर्षात (त्याचे शुभवर्तमान वाचतात ते वर्ष) वाचला जातो. बाप्तिस्मा करणारा योहान, म्हणजे जखऱ्याचा तोच मुलगा, तुरुंगात आहे. ज्याने येशूकडे बोट दाखवून लोकांना सांगितले, तोच आता शिष्यांना पाठवून विचारतो: जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? (मत्तय ११:३). येशू त्याला रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, एवढे जाऊन कळवा, म्हणतो. आणि निरोप नेणारे गेल्यावर लोकांपुढे योहानाची थोरवी सांगतो. हाच तो आनंदाचा रविवार, ज्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालायची मुभा असते. आनंदाच्या रविवारी शंकेचा उतारा वाचणारी परंपरा आशेकडे किती मोकळेपणाने पाहते, ते यातून कळते. घरातल्या तरुण मुलाने 'मला आता काही खरे वाटत नाही' म्हटले, तर हा उतारा त्याच्यासोबत बसून वाचावा. प्रवचन देऊ नये.

कुटुंबाच्या दृष्टीने आणखी एक बारकावा. 'उतारशाळेत जागा नव्हती' हे वाक्य (लूक २:७) ऐकून आपल्यापुढे धर्मशाळा आणि दार लावून घेणारा मालक उभा राहतो. हा मालक नाताळच्या नाटकात असतो, बायबलमध्ये नाही. मूळ ग्रीक शब्द 'कातालुमा'. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही लूक हाच शब्द वापरतो (२२:११), आणि चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत खरीखुरी धर्मशाळा येते तिथे वेगळा शब्द घालतो. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचे मत असे की ही घरातली पाहुण्यांची खोली असावी. योसेफाचे मूळ गाव, नातेवाइकांनी भरलेले घर, पाहुण्यांची खोली आधीच गच्च, म्हणून बाळंतिणीची सोय जनावरे बांधायच्या भागात. लग्नघरात ओसरीवर अंथरुणे टाकलेली ज्याने पाहिली आहेत त्याला हे चित्र पटकन कळेल.

घरातली माळ आणि दहा मिनिटे

हिरव्या पाल्याचे कडे आणि त्यात चार मेणबत्त्या, याला आगमनाची माळ म्हणू. आजच्या रूपातली माळ फार जुनी नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न हे प्रॉटेस्टंट धर्मसेवक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. मुले 'नाताळ कधी?' म्हणून रोज विचारत, तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या. पुढे चारच उरल्या, आणि कॅथलिकांनीही ती प्रथा घेतली. म्हणजे ही वस्तू मुळातच मुलांना वाट पाहायला शिकवण्यासाठी बनली.

आपल्याकडे ती करताना जाड कडा असलेले स्टीलचे ताट घ्यावे, त्यात ओली वाळू किंवा शाडूची माती दोन इंच भरावी आणि मेणबत्त्या त्यात घट्ट रोवाव्यात. तीन जांभळ्या, एक गुलाबी. न मिळाल्यास चारही पांढऱ्या चालतात, खाली रंगीत फीत बांधावी. भोवती सुरूचा पाला छान दिसतो आणि वसईपासून खाली किनाऱ्यावर सहज मिळतो, पण तो आठवड्यात वाळतो आणि वाळला की भुरकन पेटतो. दर शनिवारी बदला, किंवा आंब्याची पाने वापरा, ती जास्त टिकतात. पाला ज्योतीपासून किमान चार बोटे खाली राहिला पाहिजे. आणि पंखा बंद. मेणबत्ती एका बाजूने ओघळते, धूर धरते, अर्ध्यात संपते, याचे कारण बहुतेक वेळा डोक्यावरचा पंखा असतो.

मेणबत्ती किती पुरेल याचा हिशेब आधीच करावा. रोज दहा मिनिटे धरली तर पहिली मेणबत्ती जास्तीत जास्त २८ दिवस, म्हणजे २८० मिनिटे, पावणेपाच तासांच्या आत जळते. दुसरी साडेतीन तास, तिसरी सव्वादोन तासांच्या आसपास, चौथी फार तर सत्तर मिनिटे. आठ इंच उंचीची, पाऊण इंच जाडीची चांगल्या मेणाची मेणबत्ती सहा-सात तास जळते, म्हणजे पुरून उरते. जेवण होईपर्यंत ती पेटती ठेवायची सवय लागली तर मात्र पहिली तिसऱ्या आठवड्यातच संपेल.

एक जुनी रीत अशी की पहिल्या आठवड्यात सर्वांत धाकट्या मुलाने पेटवायची (मोठ्याचा हात धरून), दुसऱ्यात थोरल्याने, तिसऱ्यात आईने, चौथ्यात वडिलांनी. एकत्र कुटुंबात आजी-आजोबांना शेवटचा मान द्यावा. चार मेणबत्त्यांना बहुतेक ठिकाणी आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावे देतात. क्रम मंडळीगणिक बदलतो, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रार्थनेचा आराखडा साधा ठेवावा. मोठा दिवा मालवून मेणबत्ती पेटवायची, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पाच ते आठ ओव्यांचे वाचन, मोठ्याने, एकानेच. मग एक पूर्ण मिनिट शांतता. मुलांना मिनिट फार लांब वाटते, म्हणून सुरुवात वीस सेकंदांनी करा आणि आठवड्याला वाढवत न्या. मग प्रत्येकाने एका वाक्यात आपण कशाची वाट पाहतो ते सांगायचे. निकालाची, आजोबांच्या तपासणीच्या अहवालाची, आखातातल्या काकांच्या सुट्टीची, काहीही चालेल. त्यावर कोणी मत द्यायचे नाही. शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. 'तुझे राज्य येवो' हे तीन शब्द म्हणजे आगमनकाळाची सगळी प्रार्थना आहे, आपण ते वर्षभर म्हणतो आणि त्यांच्याकडे लक्ष जात नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तेच अरामी भाषेत 'मारानाथा' असे म्हटले: आमच्या प्रभू, ये.

वाचनासाठी पहिल्या तीन आठवड्यांत बायबलमधला यशया संदेष्ट्याचा ग्रंथ पुरेसा आहे: अध्याय २ मधल्या पहिल्या पाच ओव्या (तलवारींचे फाळ), अध्याय ११ (इशायाच्या बुंध्याला फुटलेला कोंब), अध्याय ३५ (रानाला आलेली फुले). १७ डिसेंबरपासून मात्र कॅथलिक मिस्सेत रोज वाचतात तेच घरी वाचावे, कारण आठ दिवसांत कथा आपसूक पूर्ण होते. १७ ला मत्तय १:१-१७, १८ ला मत्तय १:१८-२४, मग लूकचा पहिला अध्याय तुकड्यातुकड्याने: १९ ला जखऱ्या (५-२५), २० ला देवदूत आणि मरीया (२६-३८), २१ ला मरीयेची अलीशिबाकडे भेट (३९-४५), २२ ला मरीयेचे गीत (४६-५६), २३ ला योहानाचा जन्म (५७-६६), २४ च्या सकाळी जखऱ्याचे गीत (६७-७९). १७ तारखेची नावांची लांबलचक वंशावळ वगळायचा मोह होतो. वगळू नका. तिच्यात तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको आहेत. देवाने निवडलेल्या घराण्यातही उघड न बोललेली दुःखे आणि परक्या कुळातल्या सुना होत्या, हे मुलांना मोठे झाल्यावर उपयोगी पडते.

या दहा मिनिटांचे गाडे कुठे अडते तेही सांगायला हवे. सर्वांत मोठे कारण म्हणजे लांबी. दहाची पंचवीस मिनिटे झाली की दुसऱ्या आठवड्यात मुले गृहपाठाचे निमित्त काढतात. दुसरे कारण, प्रार्थनेचा वापर करून मुलांना टोमणे मारणे: 'देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे.' मुलाला ते बरोबर कळते आणि तो पुढे तोंड उघडत नाही. तिसरे, चुकलेला दिवस भरून काढायचा हट्ट. कामावरून उशिरा आलात, राहिले तर राहिले, दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचेच वाचन करा. घरातले कोणी दुबईत किंवा मस्कतमध्ये असेल तर रोज नव्हे, फक्त रविवारी फोन जोडा. तिथले घड्याळ दीड तास मागे असते, आपल्या रात्री साडेआठला तिथे सात वाजलेले असतात. आणि सून किंवा जावई दुसऱ्या धर्मातून आलेला असेल तर त्यांना मेणबत्ती पेटवायला बोलवावे, प्रार्थना म्हणायला भाग पाडू नये. ज्योतीजवळ नुसते बसणे ही पूर्ण उपस्थिती आहे.

गोठा आणि कुलकुल

ख्रिस्तजन्माचा देखावा उभा करण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी केलेल्या गोठ्यापासून फोफावली. तिथे मूर्ती नव्हत्या. गवत, गव्हाणी, खरा बैल आणि गाढव, एवढेच. बैल आणि गाढव लूकच्या किंवा मत्तयाच्या कथेत नाहीत. ते यशयाच्या १:३ मधून आले: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखते, माझे लोक ओळखत नाहीत. मागी, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, तीन होते असेही बायबल म्हणत नाही. भेटी तीन होत्या, म्हणून आपण माणसे तीन धरली, आणि मत्तय (२:११) त्यांना गोठ्यात नव्हे, घरात आलेले दाखवतो.

घरच्या गोठ्यात हे सगळे वापरता येते. आगमनकाळाच्या सुरुवातीला फक्त रिकामी गव्हाणी आणि जनावरे मांडा. मरीया आणि योसेफ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवा, कारण नासरेथ ते बेथलेहेम हा पायी सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास होता. बाळ मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर धाकट्याच्या हातून ठेवायचे. मागी दूर खिडकीत, ते ६ जानेवारीला पोहोचतील. पहिल्याच दिवशी सगळ्या मूर्ती मांडल्या की चार आठवडे त्या नुसत्या धूळ खातात आणि २४ च्या रात्री करायला काही उरत नाही.

स्वयंपाकघरातही वाट पाहण्याचेच काम असते. गोव्यात कुसवार, म्हणजे दोदोल, बेबिंक, नेवऱ्या, कुलकुल यांचे ताट शेजाऱ्यांच्या घरी जाते. देशावरच्या ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, चिवडा. मुलांना सोबत घेऊन करायला कुलकुल सर्वांत बरे. अर्धा किलो मैदा, दोन मोठे चमचे बारीक रवा, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, एक अंडे, आणि मळायला लागेल तसे नारळाचे घट्ट दूध, साधारण पाऊण कप. पीठ करंजीच्या पिठापेक्षा किंचित सैल हवे. पाऊण तास ओल्या फडक्याखाली ठेवा. बोराच्या बीएवढी गोळी तूप लावलेल्या काट्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि गुंडाळायची. शेवटची कड नीट दाबली नाही तर कुलकुल तेलात उलगडते. साखर वाढवली तर विरघळून फुटते. तेल फार तापले तर पिठातल्या साखरेमुळे बाहेरून लगेच तांबूस होते आणि आत कच्चे राहते, म्हणून आच मध्यम. एवढ्या पिठात दोनशेच्या आसपास नग होतात. एकट्या बाईने केले तर ती संध्याकाळ तिची कमरेच्या दुखण्यात जाते, चौघे बसले तर तासाभरात उरकते आणि बोलणे होते. हे काम तिसऱ्या आठवड्यात धरावे. २३ ला नाही.

ज्या घरात यंदा कोणी नाही

ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला, तिथे बहुधा दोनच सल्ले मिळतात. 'यंदा काही करू नका' किंवा 'मुलांसाठी तरी नेहमीसारखे करा.' दोन्ही पूर्ण बरोबर नाहीत. पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो (पहिले पत्र ४:१३) की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. तो शोक करू नका असे म्हणत नाही. आशा धरणाऱ्याचाही शोक असतो, फक्त त्याच्या शेवटी भिंत नसते.

करता येईल ते असे. बाहेरचा तारा लहान लावा, पण लावा. माळेजवळ गेलेल्या माणसासाठी पाचवी छोटी मेणबत्ती ठेवा आणि रोज त्याचे नाव घ्या. ताटावर त्याच्या आवडीचा एक पदार्थ करा, सगळे नको. नातेवाइकांना आधीच कळवा की आम्ही मिस्सेला येऊ, पण कॅरल, म्हणजे नाताळगीते, गाणाऱ्या मंडळींनी यंदा आमच्याकडे गाऊ नये, किंवा गावे पण एकच गीत. असे नेमके सांगितले की समोरच्याचेही अवघडलेपण कमी होते. भेटायला जाणाऱ्याने 'देवाची इच्छा' हे शब्द टाळावेत आणि गेलेल्याची एखादी आठवण सांगावी. २५ च्या दुपारी, पाहुणे गेल्यावर, घर सर्वांत रिकामे होते. फोन करायचाच असेल तर तेव्हा करा.

२५ नंतर

कॅथलिक चर्चमध्ये नाताळच्या तीन मिस्सा असतात: रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. रात्री जन्माची कथा (लूक २:१-१४), पहाटे मेंढपाळ (२:१५-२०), आणि दिवसा योहानाच्या (हा योहान वेगळा) शुभवर्तमानाची सुरुवात, जिथे गोठा नाही, प्रकाश आणि अंधार आहेत. फक्त मध्यरात्रीच्या मिस्सेला जाणाऱ्यांनी तिसरे वाचन (योहान १:१-१८) दुपारी जेवणाआधी घरी वाचावे.

आणि २६ ला गोठा आवरू नये. सण तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. २६ ला पहिला हुतात्मा संत स्तेफन, २८ ला हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची बाळे, त्याच आठवड्यातल्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण (नाताळच रविवारी असेल तर ३० ला). आनंदाला लागूनच रक्त आणि परागंदा होणे कॅलेंडरात ठेवलेले आहे. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन इजिप्तला पळाले ही गोष्ट, कामासाठी किंवा जिवाच्या भीतीने गाव सोडलेल्या कुटुंबांना आठवून, याच दिवसांत मुलांना सांगावी. ६ जानेवारीला मागी गव्हाणीजवळ आणायचे. कॅथलिकांचा नाताळकाळ त्यानंतर येणाऱ्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो, पण काही घरे गोठा २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. तो चाळिसावा दिवस. त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात आणि म्हाताऱ्या शिमोनाचा उतारा वाचतात, ज्याने आयुष्यभर वाट पाहिलेले बाळ शेवटी हातांत घेतले.

मूर्ती वर्तमानपत्रात न गुंडाळता जुन्या सुती कापडात गुंडाळा, पावसाळ्यात शाई उतरत नाही. पहिल्या तीन मेणबत्त्यांची थोटके वितळवून एक पणती भरते. चौथी जवळजवळ अख्खी उरलेली असेल. ती कोरड्या डब्यात वेगळी ठेवा. पुढच्या आगमनकाळात तीच पहिली लावायची.